लांब नखांचे फोटो : प्रकाश, फोकस, रंग आणि रीतभात (इंदूरकरांचा धागा)

भिंगवाला

रंगवून वर टॉपकोट लावलेलं नख हा एक वाकलेला आरसाच असतो. आपण म्हणतो नखाचा फोटो काढला, पण कॅमेऱ्यात येतं ते बरंचसं नखात उमटलेल्या खोलीचं प्रतिबिंब: खिडकी, ट्यूबलाइट, पंखा, कॅमेरा धरून उभा असलेला माणूस. ज्यांना लांब नखांच्या हातांचे फोटो काढायची मनापासून आवड आहे, त्यांनी लेन्सच्या आधी खिडकीचा विचार करावा. म्हणून धाग्याची सुरुवातही तिथूनच.

आपल्या घरांच्या खिडक्यांना गज नाहीतर जाळी असतेच. तिच्याजवळ हात धरला की प्रत्येक नखावर काळ्या रेघा उमटतात. नंतर त्या पुसायच्या म्हटलं तर फार त्रास, कारण दर नखावर त्यांची जागा आणि वाक निराळा असतो. उपाय ट्रेसिंग पेपरचा. खजूरी बाजारातल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात रोल मिळतो. पण तो खिडकीला चिकटवू नका, तसं केलं तर गजांची सावली कागदावर ठसठशीत पडते आणि तीच नखात दिसते. गजांपासून निदान एक फूट अलीकडे दोरी बांधून कागद ताणा, म्हणजे सावली विरून जाते. कागदापासून हात ३० ते ४० सेंमीवर ठेवा. कागद जितका मोठा आणि जितका जवळ, तितकी चमक रुंद आणि मऊ. मलमलही चालतं, पण धुवट पांढरं हवं. जुनं पिवळट पडलेलं कापड सगळ्या हाताला पिवळी झाक देतं.

उत्तरेची खिडकी सगळ्यात चांगली. मात्र इंदूर २२.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे ते जुलैमध्ये भल्या सकाळी आणि संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीतूनही तिरपं ऊन आत येतं. त्या दिवसांत ११ ते ३ ही वेळ धरावी.

आता चमकेच्या आकाराबद्दल. नख आडव्या अंगाने गोल आणि लांबीच्या दिशेने जवळजवळ सरळ असतं. त्यामुळे प्रकाशाचा स्रोत बोटाच्या दिशेने लांब आणि अरुंद असेल, तर क्युटिकलपासून (नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी) टोकापर्यंत एक सलग पांढरी रेघ मिळते. ही रेघ लांब नखाची लांबी दाखवते. काळ्या कार्डशीटमध्ये १० × ४० सेंमीची फट कापून ती ट्रेसिंग पेपरसमोर धरली की काम होतं. चौकोनी सॉफ्टबॉक्स (पांढऱ्या कापडाआडचा दिवा) दुरून लावला तर मधेच एक पांढरा ठिपका पडतो आणि तेवढंच नख तुटक, आखूड दिसतं.

बोटं पंख्यासारखी पसरली की प्रत्येक नखाची दिशा बदलते आणि अरुंद फटीची रेघ दोन नखांवर येते, तिसऱ्यावर येत नाही. पसरलेल्या बोटांना फट काढून टाकून पूर्ण कागद वापरा. बोटं जवळपास समांतर असतील तरच फट.

आरजीबी

चांगला धागा. फोकसचं गणित मांडतो, कारण इथे बऱ्याच जणांची गल्लत होते.

अख्ख्या हाताला मॅक्रोची (अगदी जवळून मोठं दाखवणाऱ्या लेन्सची) गरज नाही. क्रॉप सेन्सरची (बऱ्याच हौशी कॅमेऱ्यांतला लहान सेन्सर) रुंदी साधारण २३.५ मिमी. मनगटापासून नखाच्या टोकापर्यंत १८-२० सेंमी फ्रेममध्ये घेतलं, तर आवर्धन (सेन्सरवरची प्रतिमा आणि खरा आकार यांचं प्रमाण) सुमारे १:८ होतं. एफ/८ ला (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, मोठा आकडा म्हणजे बारीक छिद्र) पुढून मागे दोन-सव्वादोन सेंमी खोली तीक्ष्ण राहते. चार नखं फ्रेममध्ये भरायची, म्हणजे ८ सेंमी रुंदी, तर आवर्धन साधारण १:३.४ आणि एफ/८ ला खोली जेमतेम साडेचार ते पाच मिमी. एकाच नखाचं १:१ घेतलं की एफ/८ ला अर्धा-पाऊण मिमी उरते. मग छिद्र बारीक करत न्यावंसं वाटतं, पण १:१ ला एफ/११ हे परिणामात एफ/२२ होतं आणि विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो) सगळंच मऊ पडतं. १:१ ला एफ/८ च्या पुढे जाण्यात फायदा नाही.

यातून निघणारा सरळ नियम: लांब नखं सेन्सरला समांतर ठेवा. टोक कॅमेऱ्याकडे वळलं की दोन-तीन सेंमीची खोली लागते, ती मिळत नाही, आणि वर नख आखूड दिसतं. लांबी दाखवायची असेल तर बाजूने घ्या. बाजूने नखाची कमान, जाडी आणि टोकाचा आकारही कळतो.

दुसरी गोष्ट फार कमी लोक बोलतात. ऑटोफोकस बहुतेक वेळा चमकेवर बसतो. चमक हे प्रतिबिंब आहे आणि बहिर्वक्र पृष्ठभागातलं दूरच्या वस्तूचं प्रतिबिंब पृष्ठभागाच्या मागे वक्रतात्रिज्येच्या निम्म्या अंतरावर बनतं. नखाची आडवी त्रिज्या ६ ते ८ मिमी धरली तर चमक नखाच्या खाली ३-४ मिमीवर फोकस होते. १:१ ला एवढ्यात नख पूर्ण धूसर जातं. स्क्रीनवर चमकेची कड कडक दिसते म्हणून फसायला होतं. फोकसचा बिंदू हाताने क्युटिकलच्या रेषेवर, चमकीच्या एखाद्या कणावर किंवा नखाच्या बाजूच्या कडेवर न्या.

फोकल लांबी क्रॉपवर ६० ते १०५ मिमी. ३५ मिमीने जवळ जाऊन काढलं तर पुढचं बोट जाडजूड आणि मागचं बारीक दिसतं, शिवाय तुमचा कॅमेरा नखात काळ्या डागासारखा येतो. १०० मिमीने तोच डाग लहान होतो. गडद रंगाचा शर्ट घाला. पांढरा शर्ट नखात दिसतोच.

पोहेजिलेबी

फक्त मोबाइल असेल तर? आणि फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करणं) करावं का?

भिंगवाला

मोबाइलचं आधी. २एक्स किंवा ३एक्स लेन्स निवडून २५ ते ३० सेंमीवरून काढा. फार जवळ गेलं की बरेच फोन आपण होऊन अल्ट्रावाइडच्या मॅक्रोवर उडी मारतात, मग फोनची सावली हातावर आणि फोनचं प्रतिबिंब नखावर. सेटिंगमध्ये ती ऑटो-मॅक्रो बंद करा. ब्यूटी आणि स्किन स्मूदनिंग तर पहिल्यांदा बंद. ते क्युटिकलची कड खाऊन टाकतं आणि नख बोटावर वरून चिकटवल्यासारखं दिसतं. फोकसवर बोट दाबून लॉक करा आणि एक्स्पोजर थोडं खाली ओढा.

स्टॅकिंगबद्दल आरजीबी सांगतील.

आरजीबी

जिवंत हातावर स्टॅकिंग अवघड. नाडीच्या ठोक्यानेही बोटाचं टोक हलतं आणि जोडताना नखाच्या कडेला दुहेरी रेघ येते. १:३ पर्यंत गरजच नाही, समांतर ठेवलं की एका फ्रेममध्ये काम होतं. १:१ लाच करायचं असेल तर एफ/५.६ ला दर फ्रेमला सुमारे ०.३५ मिमी सरकत जा. ६ मिमीच्या कमानीला सतरा-अठरा फ्रेम लागतील. कॅमेऱ्यातलं फोकस ब्रॅकेटिंग (फोकस आपोआप सरकवत फोटो घेणारी सोय) वापरून फ्लॅशविना सलग घ्या. कोपर टेबलावर टेकलेलं हवं आणि मनगटाखाली किलोभर मूग भरलेली कापडी पिशवी. मूग हाताच्या आकारात बसतात, त्यामुळे हात अधांतरी राहत नाही आणि थकतही नाही.

एलईडीखाली काढत असाल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि १/३२० सारख्या वेगाला पट्टे येतात. दिवा घेताना सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ च्या वरचा घ्या आणि आर-९ चा, म्हणजे गडद लालाचा, आकडा विचारा. तो कमी असला तर लाल नेलपॉलिश आणि हाताची कातडी दोन्ही मेलेली दिसतात.

नेलपेंटताई

आता नखांच्या बाजूने. फोटोच्या दिवशी सकाळी घाईघाईत पॉलिश लावू नये. साधं पॉलिश हाताला दहा-पंधरा मिनिटांत कोरडं लागतं, पण आतून घट्ट व्हायला कित्येक तास जातात. मग साडीवर हात टेकवला की विणीचा ठसा नखावर उमटतो आणि मॅक्रोमध्ये तो स्वच्छ दिसतो. आदल्या संध्याकाळी लावा. बेसकोट, दोन पातळ थर, टॉपकोट, आणि प्रत्येक थराचा ब्रश नखाच्या टोकाच्या कडेवरून एकदा फिरवा. ती कड उघडी राहिली तर बाजूने घेतलेल्या फोटोत पांढरी रेघ दिसते. बाटली हलवू नका, तळव्यांत फिरवा. हलवली की बुडबुडे येतात. पंख्याखाली वाळवू नका, वरची साय आधी वाळते आणि आतलं ओलं राहून सुरकुत्या पडतात.

फोटोच्या आधी क्युटिकल ऑइल लावून दहा मिनिटं थांबा आणि टिश्यूने पूर्ण टिपून घ्या. टिपलं नाही तर कातडीवर स्वतंत्र ठिपके चमकतात आणि नजर नखावरून हटते. सुटलेली कातडी तेवढी कापा, क्युटिकल कापू नका, लाल होतं. नखाखाली साबण लावून मऊ टूथब्रश फिरवा. मात्र नख पाणी शोषतं आणि मऊ पडतं, लांब नख ओलं असताना सहज वाकतं. म्हणून धुतल्यावर तासभर जाऊ द्यावा.

बिनरंगाच्या लांब नखांचे फोटो मला सगळ्यात सुंदर वाटतात आणि त्यांना प्रकाश वेगळा लागतो. समोरून प्रकाश टाकला तर ती नुसती फिकट दिसतात. प्रकाश मागून, थोडा खालून आणा. बोटापुढे आलेला भाग अर्धपारदर्शक असल्यामुळे तो उजळतो आणि नख बोटापासून सुटतं ती वळणदार रेषा स्पष्ट उमटते. दोन्ही बाजूंना काळ्या कागदाच्या पट्ट्या उभ्या करा, कडेला बारीक गडद रेघ मिळते. हळदीचा पिवळेपणा इथे लगेच कळतो. स्वयंपाकात हळद हाताळली असेल तर एक-दोन दिवस जाऊ द्या, हळदीचा रंग उन्हात फिका पडतो.

अर्धाआरसा

कोणी पोलरायझर (सीपीएल, लेन्सवर बसवून फिरवायचा फिल्टर) बोललं नाही. नखावरची चकाकी घालवायचा तोच सोपा मार्ग आहे. सीपीएल फिरवा, सगळं स्वच्छ. दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा) प्रकाश जातो एवढंच.

नेलपेंटताई

दादा, चकाकी पूर्ण घालवली तर उरतं काय? नखाची गोलाई त्या चमकेनेच कळते. ती पुसली की नख रंगवलेल्या पुठ्ठ्यासारखं सपाट दिसतं. शिवाय क्रोम पावडरच्या नखांवर सीपीएल फारसं काही करत नाही, धातूसारख्या पृष्ठभागाची चमक तशीच राहते.

अर्धाआरसा

ताई, क्रोमचं मान्य. पण नेलआर्टमधलं बारीक रेखाटन, म्हणजे वारली किंवा पैठणीचा मोर वगैरे, चमकेखाली झाकलं जातं. तिथे सीपीएल हवाच. अर्धं फिरवून थांबलं की रेखाटनही दिसतं आणि चमकेची फिकट रेघही राहते. त्याचा परिणाम सगळ्यात जास्त नखाच्या लंबापासून (नखावर काटकोनात उभ्या रेषेपासून) ५५ अंशांच्या आसपास. अगदी वरून काढलं तर जवळजवळ काहीच फरक पडत नाही, त्यामुळे ‘फिल्टर चालत नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी कोन बदलून बघावा.

नेलपेंटताई

अर्धं फिरवणं मान्य, रेखाटनापुरतं.

आणि सगळ्या पॉलिशला मऊ प्रकाश चालत नाही हेही लिहून ठेवते. होलोग्राफिक पॉलिशचं इंद्रधनुष्य मऊ प्रकाशात विरघळून करडं होतं. त्याला बारीक, उघडा स्रोत हवा: थेट ऊन, नाहीतर उघडा फ्लॅश. कॅट-आयचंही तेच. चुंबकाने बनवलेली ती उजळ पट्टी प्रकाशाचा कोन बदलला की सरकते, म्हणून एकच लहान दिवा घ्या आणि पाचही नखांची पट्टी मधोमध येईपर्यंत दिवा सरकवा, हात नाही. मॅट नखांना उलट कडेने तिरपा प्रकाश द्या, पोत दिसतो. ग्लिटरला एक मऊ आणि एक बारीक असे दोन दिवे.

घुंगरू

बोटांच्या ठेवणीबद्दल थोडं. ‘हात नाजूक ठेवा’ सांगितलं की बायका बोटं ताणतात, करंगळी काठीसारखी उभी राहते आणि पेरांवर पांढरे डाग पडतात. त्यापेक्षा हस्तमुद्रा सांगा, ठेवण आपोआप येते. अभिनयदर्पण या नृत्यग्रंथात २८ असंयुत हस्त (एका हाताच्या मुद्रा) दिलेत, त्यातले चार-पाच नखांसाठी फारच उपयोगी. अलपद्मात पाचही नखं वेगवेगळ्या दिशांना उघडतात, त्यामुळे वर सांगितलेला मोठा कागद हवा. हंसास्यात अंगठा आणि तर्जनी समोरासमोर येतात. लांब नखांनी टोकं टेकवता येत नाहीत, म्हणून पेरांचे मऊ भाग टेकवायचे आणि नखं एकमेकांच्या बाजूने निसटू द्यायची. बाजूने घेतलं तर दोन कमानी समांतर दिसतात. कटकामुखात अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांची नखं जवळजवळ येतात, फोकसला सोपं.

हाताची मागची बाजू सपाट कॅमेऱ्यासमोर आणू नका, पंजा रुंद दिसतो. करंगळीच्या बाजूने ३०-४५ अंश वळवला की निमुळता होतो. शिरा फुगलेल्या असतील तर हात खांद्याच्या वर अर्धा-एक मिनिट धरायला सांगा, खाली आणल्याबरोबर फोटो घ्या. रक्त उतरलं की शिरा पुन्हा दिसतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळी बोटं गार पडून नखांचा तळ निळसर दिसतो, तेव्हा गरम पाण्याची पिशवी हातात द्या. पिशवीच, पाण्यात हात नव्हे.

हिरवाचुडा

इतकं चांगलं तंत्र लिहिलंत, आता ज्यांचे हात आहेत त्यांच्या बाजूचं.

नख महिन्याला साधारण ३ मिमी वाढतं. बोटापुढे दोन सेंमी आलेलं नख म्हणजे सहा-सात महिन्यांची जपणूक. त्यामुळे फोटोवेळी त्या हाताने क्लिप उघडायला, साडीची पिन काढायला, जड तांब्या उचलायला सांगू नका. वस्तू हातात द्यायची तर बोटांच्या मऊ भागांनी धरता येईल अशी द्या: फुलपात्र, शेवंती, अत्तराची कुपी. नखाला बाजूने बारीक चीर दिसली तर फोटो थांबवा. टी-बॅगच्या कागदाचा तुकडा आणि नेल ग्लू लावून चीर सांधता येते, पण तो निर्णय तिचा.

हात धरून बोट वळवू नका. काय हवं ते स्वतःच्या हाताने करून दाखवा. राजवाड्याच्या गर्दीत अनोळखी बाईच्या नखांवर लेन्स रोखणं तर नकोच, विचारूनही नको. ज्यांना रस आहे त्या आपणहून येतील अशी वाट ठेवा: पार्लरमधल्या ताईंमार्फत, मंडळाच्या हळदीकुंकवात ओळखीच्या बाईमार्फत. आधी आपले काढलेले फोटो दाखवा, नेमकं काय काढणार ते सांगा, आणि परवानगी लिहून घ्या: फक्त हात की चेहराही, कुठे टाकणार, नाव द्यायचं की नाही, पुढे काढून टाका म्हटलं तर काढणार का. तिच्यासोबत कोणी येणार असेल तर खुर्ची आधी मांडून ठेवा. सगळे फोटो आधी तिला द्या, निवड तिने करावी. नखांची आवड ही दोघांचीही असते, फक्त ती तिच्या हातावर वाढते.

आणखी एक. अंगठी, तीळ, भाजल्याचा डाग यांवरून हात ओळखता येतो. आणि बोटांचे ठसे: २०१४ मध्ये जर्मनीतल्या केऑस कम्प्युटर क्लब या हॅकर संघटनेच्या यान क्रिसलर यांनी जाहीर कार्यक्रमातल्या फोटोंवरून तेव्हाच्या संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेर लायन यांच्या अंगठ्याचा ठसा तयार करून दाखवला होता. आपल्याकडे आधार बोटांच्या ठशावरही चालतं. पेरांची आतली बाजू दिसणारा पूर्ण आकाराचा मॅक्रो फोटो कुठेही टाकू नका. छोटा करा, ठशांचा भाग फोकसबाहेर ठेवा आणि फोटोतलं जीपीएसचं ठिकाणही काढून टाका.

भिंगवाला

ताई, हा प्रतिसाद धाग्याच्या वर घ्यायला हवा. पूर्ण सहमत.

पोहेजिलेबी

+१. लाल नेलपॉलिश प्रत्येक वेळी सपाट, भडक का येतं?

आरजीबी

लाल चॅनेल कापला जातो, म्हणजे लाल मर्यादेपलीकडे जाऊन छटा हरवतात, म्हणून. साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण तिन्ही रंगांचा वेगळा उघडला की लाल उजव्या भिंतीला चिकटलेला असतो. रॉ (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) मध्ये काढा आणि पाऊण स्टॉप कमी ठेवा. ऑटो व्हाइट बॅलन्स वापरू नका. फ्रेममध्ये लाल भरपूर असलं की कॅमेरा त्याची भरपाई करायला जातो आणि कातडी हिरवट-निळसर पडते. १८ टक्के करडं कार्ड हात असेल त्याच जागी धरून एक फ्रेम घ्या आणि त्यावरून ठरवा. निऑन गुलाबी आणि भगवा तर स्क्रीनच्या रंगमर्यादेबाहेरच जातात, तिथे रंगाची गडदता थोडी कमी केल्याशिवाय छटा दिसत नाहीत.

एडिटिंगमध्ये नखं आणि कातडी यांचे मास्क (बदल करायला निवडलेले भाग) वेगळे करा. कातडी उजळायला नारिंगी वाढवलं की लाल नखही सोबत सरकतं. कातडीचा पोत घासून काढू नका. पेरावरच्या रेषा गेल्या की हात मेणाचा दिसतो.

हिरवाचुडा

मेंदीबद्दल कोणी विचारायच्या आधीच सांगते. मेंदीचा रंग २४ ते ४८ तासांत गडद होतो, तेव्हा फोटो दुसऱ्या दिवशी ठेवा. मेंदी नखालाही चढते आणि नख वाढून पुढे सरकेपर्यंत जात नाही. बिनरंगाची नखं हवी असतील तर मेंदीआधी नखांवर पारदर्शक पॉलिशचा थर द्या. लग्नातल्या हिरव्या चुड्याची हिरवी झाक फिकट नखांवर पडते. बांगड्या चार बोटं मागे सारून मध्ये पांढरा कागद धरा, फ्रेमबाहेर.

अर्धाआरसा

पार्श्वभूमीला महेश्वरी साडी कशी वाटते?

भिंगवाला

उत्तम, पण काठ बघून. महेश्वरीचं सुती-रेशमी अंग फारसं चमकत नाही, त्यामुळे नखाशी स्पर्धा करत नाही. जरीचा काठ मात्र नखाच्या खालच्या कडेला सोनेरी रेघेसारखा उमटतो. गडद नखांना ती शोभते, फिकट नखांना डाग वाटते. फिकट नखं असतील तर काठ हातापासून दूर घ्या आणि अंगाचा करडा किंवा मोरपंखी रंग निवडा. लाल साडीवर बिनरंगी नख ठेवलं की ते गुलाबी दिसतं, खरा रंग येतच नाही. कापडाला आधी इस्त्री करा आणि चिकटपट्टीने तंतू उचलून घ्या. मॅक्रोमध्ये एकच सुटा धागा नखावर आडवा पडलेला दिसतो, आणि ओल्या टॉपकोटला तो चिकटला असेल तर थर पूर्ण वाळेपर्यंत ओढू नका.